बीओएम शुद्धीकरण : शिरोलीतील पंप कारखान्याच्या प्रकल्प नोंदी

३ जून २०२४

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात शेतीसाठी आणि घरगुती पाणीपुरवठ्यासाठी लागणारे मोनोब्लॉक, म्हणजे मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर जोडलेले, पंप तयार होतात. पाऊस लागला की शेतीपंपांची मागणी ओसरते आणि दिवाळीनंतर ती पुन्हा चढू लागते. माहितीची साफसफाई करायची तर याच मधल्या महिन्यांत, असे व्यवस्थापनाने ठरवले आणि काम नियोजन विभागाकडे, म्हणजे माझ्याकडे सोपवले. मुंबईत घडलेली ईआरपीनेक्स्ट ही कारखान्याचे व्यवहार सांभाळणारी मुक्तस्रोत संगणक प्रणाली आमच्याकडे आधीपासून आहे. खरेदी, साठा आणि बिले त्यात चालतात; उत्पादनाचे नियोजन मात्र अजून एक्सेलवर चालते, कारण बीओएमवर (बिल ऑफ मटेरियल), म्हणजे एक पंप बनवायला कोणते भाग किती लागतात त्या यादीवर, कोणाचाच भरवसा नाही.

आज पाच एचपीच्या एकाच पंपाच्या चार याद्या टेबलावर मांडल्या. ड्रॉइंग विभागाची यादी ड्रॉइंगच्या क्रमाने आहे. स्टोअरची यादी माल कोणत्या रॅकमधून एकदम निघतो त्या क्रमाने आहे. खरेदी विभागाच्या यादीत पुरवठादारानुसार गट आहेत, तर लेखा विभागाच्या यादीत ज्याची किंमत डोळ्यात भरते तेवढेच घटक आहेत आणि बाकीचे सारे ‘किरकोळ’ या एका ओळीत बसवले आहेत. चारपैकी कोणत्याही दोन याद्या जुळत नाहीत, आणि तरीही प्रत्येक विभागाला आपलीच यादी बरोबर वाटते, कारण त्या विभागाच्या कामापुरती ती खरोखरच बरोबर आहे. त्यामुळे कोण चुकले हे शोधत बसण्यात अर्थ नाही. उत्पादनासाठी एकच यादी राहील, तिच्यावर डिझाइन प्रमुखांची सही असेल, बदल करण्याचा अधिकार प्रणालीत एकाच व्यक्तीकडे राहील आणि बाकीचे विभाग त्याच यादीतून आपापले अहवाल काढतील, एवढे आजच्या बैठकीत मान्य झाले. लेखा विभागाने थोडी कुरकुर केली.

६ जून २०२४

बीओएमला हात लावण्याआधी आयटम कोड, म्हणजे प्रत्येक मालाला प्रणालीत दिलेली नावे, साफ करणे भाग आहे. ६२०५ या एका बेअरिंगसाठी साठ्यात चार कोड सापडले: ‘बेअरिंग ६२०५’, ‘६२०५ झेडझेड’, ‘बॉल बेअरिंग ६२०५ टूझेड’ आणि ‘६२०५ झेडझेड सी३’. पहिल्या तीन कोडांखालचे डबे प्रत्यक्ष उघडून पाहिले. तिन्हींत दोन्ही बाजूंना पत्र्याची शील्ड असलेले, २५ मिमी बोअरचे (आतल्या छिद्राचे) तेच बेअरिंग निघाले, फक्त उत्पादकाप्रमाणे कोणी त्याला झेडझेड म्हणतो तर कोणी टूझेड. ते तीन कोड एकत्र केले. प्रणालीत एका आयटमचे नाव दुसऱ्यात विलीन करण्याची सोय आहे, मात्र दोन्हींचे साठ्याचे एकक सारखे असावे लागते.

चौथा कोड वेगळाच ठेवला. सी३ म्हणजे आतल्या गोळ्यांना नेहमीपेक्षा जास्त मोकळीक, आणि मोटर तापल्यावर शाफ्ट फुगतो तेव्हा ती मोकळीक लागते. कोड कमी करण्याच्या उत्साहात हे दोन्ही एकाच नावाखाली गेले असते, तर नियोजनाच्या अहवालात काहीच बिघडलेले दिसले नसते. बिघाड दिसला असता तो पुढच्या उन्हाळ्यात, शेतकऱ्याच्या विहिरीवर. कोणते दोन कोड एक करायचे हा निर्णय संगणकासमोर बसून न घेता मालाचा डबा हातात धरूनच घ्यायचा, असा नियम त्यामुळे लिहून ठेवला.

११ जून २०२४

जुन्या एक्सेलमधून बीओएम चढवताना ‘रीवर्क रोटर’ (रोटर म्हणजे मोटरचा फिरणारा भाग) या आयटमपाशी प्रणाली अडली. या रोटरच्या यादीत ‘दुरुस्तीस आलेला रोटर’ होता आणि त्या दुसऱ्याच्या यादीत पुन्हा ‘रीवर्क रोटर’. एक्सेलला असल्या वर्तुळाचे काही वाटत नाही. प्रणालीने मात्र ते थेट नाकारले, आणि ते योग्यच झाले. दुरुस्तीचे काम बीओएममधून काढून दुरुस्तीच्या स्वतंत्र वर्क ऑर्डरकडे (प्रणालीतल्या कामाच्या आदेशाकडे) नेले.

१४ जून २०२४

आजचा पूर्ण दिवस शाफ्टच्या एका ओळीत गेला.

शाफ्ट ईएन ८ पोलादाच्या २८ मिमी गोल बारमधून निघतो. बार किलोवर विकत येतो, मिलिमीटरमध्ये कापला जातो आणि पंपात नगाने बसतो. या तीन एककांमध्ये कोणी काय धरायचे हे कधीच लिहिलेले नव्हते. लेखा विभागाने ड्रॉइंगवरून तयार शाफ्टचे वजन घेतले होते, १.१८ किलो. खरेदी विभाग ‘एका बारात वीस शाफ्ट’ या जुन्या अंदाजावर चालत होता. सहा मीटर बारचे वजन २९.०४ किलो, म्हणजे शाफ्टमागे १.४५२ किलो. खरा हिशेब कटिंगवर काम करणाऱ्या ज्येष्ठ कारागिरांनी पाटीवर खडूने करून दाखवला. व्यासाचा वर्ग भागिले १६२ हे सूत्र कोल्हापूरच्या प्रत्येक वर्कशॉपात तोंडपाठ असते: २८ गुणिले २८ म्हणजे ७८४, त्याला १६२ ने भागले की मीटरला ४.८४ किलो. तयार शाफ्ट ३१० मिमी, दोन्ही टोके सपाट करण्याला, म्हणजे फेसिंगला, मिळून २ मिमी, करवतीचा काप ३ मिमी. एकूण ३१५ मिमी, म्हणजे १.५२४ किलो.

“साहेब, तरीबी टोक उरतंयच की,” असे ते पुढे म्हणाले, आणि ते अगदी खरे आहे. सहा मीटरच्या बारमधून १९ शाफ्ट निघतात आणि १५ मिमीचे टोक उरते. पण बार नेहमी पूर्ण सहा मीटरचा येत नाही, आणि ५.८ मीटरचा आला तर १८ शाफ्ट निघून १३० मिमीचे टोक भंगारात जाते. पहिल्या बारमध्ये शाफ्टमागे खप १.५२८ किलो पडतो, दुसऱ्यात १.५५९ किलो. एक हजार शाफ्टच्या मागणीवर लेखा विभागाचा आकडा धरला असता तर १,१८० किलो बार मागवला गेला असता, आणि कापण्यापुरतेच, टोके सोडून, लागतात १,५२४ किलो. हा ३४४ किलोंचा फरक दर हंगामात ‘तातडीची खरेदी’ या नावाने पुन्हा पुन्हा मागवला जात होता, त्यामुळे तो कोणाच्या नजरेत एकगठ्ठा आलाच नाही.

बीओएममध्ये १.५४ किलो हा आकडा धरला. तो कसा आला हे त्या ओळीशेजारी आम्ही जोडलेल्या ‘हिशेब’ या नव्या रकान्यात लिहिले आहे: व्यास, कापाची लांबी, बारची साधारण लांबी. माझ्या मते या प्रकल्पात हा रकाना आकड्यापेक्षाही महत्त्वाचा आहे, कारण उद्या बँडसॉचे पाते बदलून काप २ मिमीचा झाला तर आकडा बदलायचा की नाही हे पुढच्या माणसाला त्यावरूनच कळेल.

२१ जून २०२४

कास्टिंगचा प्रश्न उलट्या बाजूचा आहे. व्होल्यूट केसिंगचे, म्हणजे पंपाच्या गोगलगायीसारख्या बाहेरच्या कवचाचे, एफजी २०० प्रतीच्या बिडाचे कास्टिंग फाउंड्रीतून येते, आम्ही नगाने मागवतो आणि फाउंड्री प्रत्यक्ष वजनावर बिल देते. प्रमाण वजन ९.४ किलो धरून किलो आणि नग यांचे गुणोत्तर प्रणालीत टाकलेले होते. गेल्या आठवड्यात ५० नग आले, वजन ४७६ किलो भरले, आणि माल जमा करताना प्रणालीने ५०.६३८ नग असा हिशेब मांडून नोंद अडवली, कारण ‘नग’ या एककाला ‘पूर्णांकच हवा’ अशी खूण आहे. ती खूण काढून टाकावी, अशी सूचना स्टोअरकडून आली. ती मान्य केली असती तर काही महिन्यांत कागदावर अशी केसिंगे जमली असती जी रॅकवर कुठेच नाहीत, आणि नियोजनाने त्या कागदी केसिंगांच्या भरवशावर खरेदी कमी केली असती.

खूण तशीच ठेवली. खरेदी ऑर्डर नगाने निघेल, जमाही नगाने होईल, आणि बिलाची एकूण रक्कम नगांनी भागून दर पडेल. वजन वेगळ्या रकान्यात नोंदले जाईल. या खेपेचे सरासरी वजन ९.५२ किलो निघते. वजन सतत वाढत गेले तर फाउंड्रीत साच्याची वाळू सैल ठोकली जात असून पोकळी फुगत असावी अशी शंका घेता येते. ही माहिती गुणवत्ता विभागाला हवीच होती, फक्त आजवर ती बिलांच्या फायलीत पडून राहत होती.

२७ जून २०२४

काय बीओएममध्ये घ्यायचे नाही यावर आज थोडक्यात निर्णय झाला. रंग, थिनर, ग्रीस, चिंध्या आणि गॅस्केटला लावायचा लेप बाहेर. यांचा किमान साठा ठरवून तो उतरला की मागणी निघेल. पंपामागे किती मिलिलिटर रंग लागतो हे मोजण्याचा खर्च रंगाच्या चुकीपेक्षा जास्त होईल.

तांब्याच्या तारेचे तसे नाही. वाइंडिंग, म्हणजे मोटरच्या स्थिर भागात (स्टेटरमध्ये) तार गुंडाळण्याचे काम, जॉबवर्कवर बाहेरच्या कारागिराकडे होते. तार आणि स्टॅम्पिंग (स्टेटरच्या पत्र्याच्या चकत्या) पाठवणीच्या चलनावर जातात, आणि जीएसटी कायद्याप्रमाणे जॉबवर्कला दिलेला कच्चा माल एक वर्षाच्या आत परत आला पाहिजे व त्याचा तपशील आयटीसी-०४ या फॉर्ममध्ये द्यावा लागतो. किती तार गेली, तयार स्टेटरमध्ये किती परत आली आणि तुकड्यांच्या रूपात किती यायला हवी, हे सारे बीओएममधल्या एका आकड्यावर ठरते. तो आकडा आजवर जॉबवर्करने सांगितलेलाच धरला जात असे. आता वाइंडिंगच्या आधी आणि नंतर बॉबिन तोलून आमचा माणूस तो ठरवील.

४ जुलै २०२४

ड्रॉइंगच्या वृक्षाप्रमाणे पंपाची बीओएम सहा पातळ्यांची (पंपात असेंब्ली, असेंब्लीत उप-असेंब्ली अशी) होत होती. डिझाइनच्या दृष्टीने ते शोभते, पण शॉप फ्लोअरवर सहा ठिकाणी माल थांबत नाही. जिथे अर्धवट तयार वस्तू रॅकवर ठेवली जाते, जॉबवर्कला जाते किंवा सुटा भाग म्हणून विकली जाते, तिथेच स्वतंत्र पातळी, असा निकष लावला. वाइंड केलेला स्टेटर, रोटर आणि पाण्याच्या बाजूची असेंब्ली एवढ्याच मधल्या वस्तू उरल्या. ‘टर्मिनल बॉक्स उप-असेंब्ली’ वगैरे कागदी पातळ्या गेल्या. प्रत्येक जादा पातळीमागे एक जादा वर्क ऑर्डर, एक जादा जमा आणि एक जादा निर्गमन लागते, आणि सुपरवायझर त्या नोंदी रात्री एकदम भरू लागला की त्यांचा उपयोग संपतो.

पातळ्यांवरून एक जुनी गोष्ट पुन्हा तपासली. एम८ बाय २५ चा बोल्ट पाण्याच्या बाजूच्या असेंब्लीत सहा लागतात आणि मोटरच्या बाजूला चार. १५० पंपांना ९०० आणि ६००, मिळून १,५०० हवेत. साठ्यात ९०० आहेत. आमची जुनी एक्सेल प्रत्येक असेंब्लीची गरज स्वतंत्रपणे साठ्याशी ताडत असे: पहिल्या ठिकाणी ९०० विरुद्ध ९००, कमतरता शून्य, दुसऱ्या ठिकाणी ६०० विरुद्ध ९००, कमतरता शून्य. खरी कमतरता ६०० बोल्टांची. एकच साठा दोनदा वाटला गेला. एखादा घटक बीओएममध्ये जितक्या खोल पातळीवर येतो त्यांतली सर्वांत खालची पातळी नोंदवायची आणि वरच्या सगळ्या मागण्या तिथे गोळा झाल्यावरच साठा वजा करायचा, हा नियम जोसेफ ऑर्लिकी यांच्या १९७५ सालच्या एमआरपीवरील (मालाच्या गरजेच्या नियोजनावरील) लेखनात आहे. तेव्हापासून नियोजनाच्या बहुतेक प्रणाली या ना त्या रूपाने तो पाळतात. हंगामात ऐन वेळी बोल्ट संपून लाइन थांबायची ती या कारणाने, आणि दोष स्टोअरच्या मोजदादीला दिला जायचा. स्टोअरची मोजदाद बरोबर होती.

१२ जुलै २०२४

कागद कितीही जुळवले तरी पंप खोलल्याशिवाय बीओएम तपासली असे म्हणता येत नाही. आज तयार मालातला एक पाच एचपीचा पंप उचलून असेंब्ली टेबलावर घेतला. फिटरने एकेक भाग काढून पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवायचा आणि मी छापलेल्या यादीवर खूण करायची, अशी पद्धत ठेवली.

केसिंग, इंपेलर (पाणी फेकणारे चक्र), त्याचे नट, मेकॅनिकल सील (शाफ्टपाशी पाणी अडवणारा भाग), ओ-रिंग येथपर्यंत सारे जुळले. मागचे कव्हर काढल्यावर बेअरिंगच्या घरातून पातळ, लाटेसारखी वळवलेली एक रिंग ट्रेमध्ये पडली. यादीत ती कुठेच नव्हती. ही वेव्ह वॉशर. बेअरिंगला मागून हलका दाब देऊन ती शाफ्टचा पुढे-मागे होणारा खेळ आणि आवाज कमी करते. काही वर्षांपूर्वी आवाजाची तक्रार आली तेव्हा असेंब्लीने ती परस्पर घालायला सुरुवात केली, खरेदी किरकोळ रोख खर्चातून होत राहिली, आणि ड्रॉइंगवर ती कधी चढलीच नाही. उलट यादीत असलेला ग्रब स्क्रू, म्हणजे डोके नसलेला छोटा स्क्रू, पंपात नव्हता, कारण इंपेलर आता चावीवर बसतो. स्टोअर मात्र इमानेइतबारे दर पंपामागे एक ग्रब स्क्रू देत होते, आणि असेंब्लीच्या टेबलाखालच्या डब्यात ते साठत होते. डबा ओतून मोजला तेव्हा तिथले सगळे हसले.

या दोन ओळींची किंमत नगण्य आहे. तरीही या तपासणीचे मोल मला सर्वांत जास्त वाटते. वॉशर नसली तर पंप बाहेर पडत नाही, मग तिची किंमत काही का असेना. प्रत्येक मॉडेलचा किमान एक पंप असाच खोलायचा ठरला.

२६ जुलै २०२४

पंचगंगेला पूर आहे. नदीकाठच्या गावांतली बरीच माणसे येऊ शकलेली नाहीत, त्यामुळे पंप खोलण्याचे काम थांबले. कार्यालयात बसून कोड तपासण्याचे उरलेले काम पुढे नेले.

८ ऑगस्ट २०२४

प्रकारांची संख्या. तीन, पाच आणि साडेसात एचपी. सिंगल फेज की थ्री फेज. इंपेलर बिडाचा की ब्राँझचा. सील मेकॅनिकल की ग्लँड पॅकिंग (शाफ्टभोवती दाबून बसवलेली दोरी). गुणाकार केला तर २४ बीओएम होतात. साडेसात एचपी आम्ही सिंगल फेजमध्ये करत नाही, म्हणून २०. विक्री विभागाचा आग्रह सगळ्या वीसही तयार ठेवण्याचा होता. मी त्याला विरोध केला. जी बीओएम कधी वापरलीच जात नाही ती कोणी तपासत नाही, आणि जी तपासली जात नाही ती ऑर्डर येईल त्या दिवशी हमखास चुकीची निघते. जे प्रकार प्रत्यक्ष विकले जातात त्यांच्याच बीओएम कायम राहतील. बाकीच्यांची मागणी आली तर डिझाइनच्या सहीने नवी बनेल. प्रकारानुसार बदलणारे भाग मधल्या असेंब्लींमध्ये एकवटल्यामुळे नवी बनवणे आता थोडक्या ओळींचे काम आहे.

२० ऑगस्ट २०२४

सील बदलते आहे. नव्या पुरवठादाराच्या मेकॅनिकल सीलची बैठक किंचित उंच आहे, म्हणून तिच्यासोबतचा स्पेसरही बदलतो. जुने सील नव्या स्पेसरबरोबर किंवा नवे सील जुन्या स्पेसरबरोबर बसले तर स्प्रिंगचा दाब चुकतो आणि पाणी गळते. दोन्ही ओळी एकाच वेळी बदलल्या पाहिजेत.

साठ्यात जुनी सीले १४० आणि जुने स्पेसर ९५ आहेत. त्यामुळे जुन्या जोडीचे ९५ पंपच निघतील आणि उरलेली ४५ सीले सुट्या भागांच्या विक्रीकडे वळवावी लागतील. जुन्या बीओएमवर उघडलेल्या वर्क ऑर्डर ६० पंपांच्या आहेत. आमच्या प्रणालीत बीओएमच्या ओळीला ‘या तारखेपासून’ असे बंधन घालता येत नाही, आणि एकदा सादर केलेली बीओएम बदलताही येत नाही. नवी आवृत्ती काढून तिला मुख्य ठरवावे लागते. उघडलेली वर्क ऑर्डर मात्र स्वतःची यादी आधीच उतरवून घेते, त्यामुळे तिच्यावर नव्या आवृत्तीचा परिणाम होत नाही. हे आमच्या पथ्यावर पडले. आणखी ३५ पंपांची वर्क ऑर्डर जुन्या आवृत्तीवर आजच उघडली, ९५ पूर्ण केले, आणि त्यानंतरच नवी आवृत्ती मुख्य केली. सील पाण्याच्या बाजूच्या असेंब्लीत असल्याने तिच्या वरच्या सर्व पंपांच्या बीओएममध्ये जुन्या आवृत्तीचा संदर्भ होता. तो बीओएम अपडेट टूलने सगळीकडे एकदम बदलला. क्रम उलटा झाला असता तर शेवटच्या ३५ पंपांना नवा स्पेसर मागितला गेला असता, आणि तो अजून पुरवठादाराकडून निघालेलाही नाही.

५ सप्टेंबर २०२४

गणपतीच्या सुट्टीआधी पाच एचपीच्या १५० पंपांवर पहिली पूर्ण नियोजन फेरी चालवली आणि तिचे आकडे हाताने मांडलेल्या तक्त्याशी ताडले. बोल्टांची कमतरता ६०० दाखवली गेली. बारची गरज १.५४ किलोच्या हिशेबाने २३१ किलो आली. वेव्ह वॉशर पहिल्यांदाच खरेदीच्या यादीत दिसली.

थ्री फेजच्या एका बीओएममध्ये कपॅसिटर निघाला. थ्री फेज मोटरला तो लागत नाही. सिंगल फेजची यादी नकलून नवी बनवताना ती ओळ राहून गेली होती. एमआरपीच्या क्षेत्रात बीओएमची अचूकता किमान ९८ टक्के असावी असा दंडक मानला जातो, आणि एकही ओळ चुकली तर ती सारी बीओएम चुकीची धरायची, असा त्याचा कडक अर्थ आम्ही घेतला आहे. त्या मोजमापाने आम्ही अजून तिथे पोहोचलेलो नाही. साडेसात एचपीचे पंप खोलायचे राहिले आहेत आणि तांब्याच्या तारेचे तोललेले आकडे यायचे आहेत.

एक मुद्दा खुला आहे. रात्रपाळीत सी३ बेअरिंग संपले आणि साधे झेडझेड हाताशी असले तर ते घालायला परवानगी कोणी द्यायची? पर्यायी घटक म्हणून नोंदले तर प्रणाली ते कधीही देऊ करील. न नोंदले तर फिटर ते घालेल आणि नोंद सी३ ची करील. डिझाइन प्रमुख पर्यायाला तयार नाहीत, उत्पादन विभाग हट्टाला पेटला आहे. विसर्जनानंतरच्या बैठकीत हा विषय घेतला आहे. तोवर स्टोअरने सी३ चा किमान साठा वाढवून ठेवावा, असे लेखी कळवले.